हस्तोद्योगाच्या तासाला माळवद

पारंपरिक हस्तोद्योग शाळेत शिकवले पाहिजेत, हे म्हणणे आता कोणी खोडून काढत नाही. वर्धा योजनेने ते १९३७ साली मांडले, कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये ‘कार्यानुभव’ या नावाने पुन्हा मांडले, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. नावे बदलली, तास मात्र बहुतेक शाळांत दिवसाच्या शेवटीच राहिला. त्या तासाला खडूच्या पेट्या होतात, कागदी फुले होतात, क्वचित काथ्याची पायपुसणी होतात. साहित्य नाही, जागा नाही, जाणता शिक्षक नाही, ही कारणे आपण नेहमी देतो आणि ती खोटी नाहीत. पण मला वाटते की अडचण त्याहून खोल आहे. हस्तोद्योगाकडे आपण फक्त आदराने पाहतो. वर्गात कविता शिकवताना तिच्यात काय साधले आणि काय फसले, हे आपण विचारतो. निबंध तपासताना लाल शाई वापरतो. कारागिराने केलेल्या वस्तूपुढे मात्र ‘केवढी ही कला!’ म्हणून थांबतो. ज्या गोष्टीला प्रश्न विचारायचे नाहीत, तिच्यातून विज्ञान कसे शिकणार?

म्हणून या लेखात एका कारागिरीचे परीक्षण करायचे आहे. ती शोकेसमध्ये ठेवण्यासारखी नाही. लातूर, नांदेड, धाराशिव या भागांत ज्या घरांत पिढ्या वाढल्या, त्या माळवदाच्या घराची ही कारागिरी. गवंडी आणि सुतार या दोघांनी मिळून ती जोपासली.

जे वाचक या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे वर्णन. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे किंवा फळ्या, त्यांवर काटक्या-पाल्याचा थर आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती. हे सपाट छप्पर म्हणजे माळवद. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर किती मोठे ते खणांत सांगतात. छपराला बहुतेक पांढरी माती घालतात, कारण काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाणी गळते. भोवतीच्या भिंती दगडाच्या. त्या दोन फुटांहून कमी जाडीच्या क्वचितच असतात. कित्येक घरांत चार-पाच फुटांच्याही आढळतात. सांधायला चिखल. खिडक्या थोड्या आणि लहान.

या रचनेचे गुण आधी सांगितले पाहिजेत. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. दुपारी दोन वाजता माळवदाच्या घरात शिरले की आत जो गारवा लागतो, तो कल्पनेतला नसतो. त्याचे कारण नववी-दहावीच्या मुलांना समजण्यासारखे आहे. दिवसा छप्पर तापते, रात्री निवते. म्हणजे उष्णतेची एक लाट चोवीस तासांच्या तालावर मातीत खाली उतरत असते. माती उष्णतेची वाहक म्हणून मंद आणि उष्णता साठवण्यात बऱ्यापैकी. कोरड्या मातीचे नेहमीचे गुणांक घेऊन हिशेब केला तर असे दिसते की दर १२ सेंटिमीटर खोलीला या लाटेचा चढउतार जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो, आणि लाट सुमारे चार तास मागे पडते. समजा, माळवदाचा वरचा पृष्ठभाग दिवसरात्रीत ४० अंशांनी वरखाली होतो. २४ सेंटिमीटर माती असेल तर आढ्याला हा चढउतार पाच-सहा अंशांचा उरेल, आणि दुपारी तीनची उष्णता आत पोचेल ती रात्री अकराला. तोवर घरातली माणसे बाहेर अंगणात नाहीतर माळवदावर बाज टाकून झोपलेली असतात. कारागिराने हे गणित मांडले नव्हते, पण उत्तर त्याच्या हातात होते.

आता इथेच पुढचा प्रश्न विचारायचा. माती आणखी वाढवली तर? ३६ सेंटिमीटरला चढउतार दोन अंशांवर येतो. ६० सेंटिमीटरला अर्ध्या अंशाच्याही खाली. म्हणजे पहिल्या फूटभर मातीने बहुतेक सगळे काम केलेले असते. पुढच्या फूटभर मातीने जे वाचते ते घरातल्या माणसाला जाणवणारही नाही. तरीही या भागातल्या जुन्या घरांवर दोन-दोन फूट, कुठे त्याहूनही जास्त माती होती. ती का आली?

ती गारव्यासाठी आलेली नव्हती, पावसासाठी आली. पावसाने माळवदाची माती दरवर्षी थोडी वाहून जाते, थोडी सैल होते. मिरगाच्या आधी वर नवी माती टाकायची, चोपायची, उतार नीट करायचा, ही रीत. रीत शहाणपणाची आहे. पण तिची दुसरी बाजू पाळली गेली नाही. जेवढी नवी घातली तेवढी जुनी खरवडून काढली तर जाडी कायम राहते. काढण्याचे काम कष्टाचे आणि न दिसणारे; घालण्याचे सोपे आणि दिसणारे. शिवाय जुन्या थराला हात लावला तर गळेल ही भीती. आजोबांनी घातली, वडिलांनी घातली, मुलानेही घातली. खांब मात्र आजोबांच्या वेळचेच.

या मातीचे वजन करून पाहू. दाबलेल्या मातीचा एक घनमीटर म्हणजे साधारण १,७०० किलो. दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर जाडीचा थर असेल, तर छपराच्या दर चौरस मीटरवर हजार किलो माती झाली. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीवर बारा टन. भरलेला मालट्रक छपरावर उभा करावा तसे हे झाले. एरवी हे वजन सरळ खाली जाते आणि सागाचे चांगले खांब ते पेलतात. जमीन आडवी हलली की गोष्ट बदलते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र आपण फळ्यावर लिहितो. जमिनीचे आडवे त्वरण गुरुत्वाच्या एक-पंचमांश जरी झाले, तरी या खोलीच्या माथ्यावर सुमारे अडीच टन वजनाएवढे बल आडवे लागते. ते घेणार कोण? खांब पायाशी एका दगडावर नुसता टेकलेला असतो. तुळई खांबाच्या माथ्यावर बसवलेली असते. खांब आणि तुळई मिळून आयत होतो. त्याला कर्ण नाही. काड्यांचा आयत बोटाने ढकलला तर तो समांतरभुज होतो आणि काड्यांचा त्रिकोण तसा होत नाही, हे भूमितीच्या तासाला मुलांनी पाहिलेले असते. खांब-तुळईच्या कोपऱ्यात दीड-दोन फुटांची एक तिरपी पट्टी ठोकली, की तिथे त्रिकोण तयार होतो. लाकूड फार लागत नाही. पण ही पट्टी इथल्या सुताराच्या परंपरेत रुळली नाही. तिची गरज कधी पडल्याचे कोणाला आठवत नव्हते.

भिंतीची गोष्ट याहून गंभीर आहे. बाहेरून पाहिले तर ती एक जाड, भक्कम भिंत दिसते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात: एक आतला थर, एक बाहेरचा थर, आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांचा, कपचीचा, मातीचा भराव. दख्खनच्या काळ्या खडकाचे धोंडे झिजून गोलसर होतात, आणि तो खडक घडायला कठीण. म्हणून दर्शनी बाजू तेवढी घडून किंवा निवडून लावायची आणि बाकीचे गोल धोंडे तसेच चिखलात बसवायचे, अशी सवय पडली. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार लांब दगड ठराविक अंतरावर घालायला हवा. हा नियम दगडी बांधकामाच्या जगभरच्या परंपरांत आहे आणि चांगल्या गवंड्याला तो ठाऊकही असतो. साध्या घरांत तो वगळला गेला. लांब दगड महाग पडतो, आणि भिंत पुरी झाल्यावर तो आहे की नाही हे मालकाला दिसत नाही. भिंत जितकी जाड तितका आरपार दगड मिळणे अवघड. म्हणजे जाडीने भिंत अधिक बळकट व्हावी, तिथे ती अधिक विभागली गेली. हा या कारागिरीतला मला सर्वांत मोठा दोष वाटतो. तो अज्ञानातून आला नाही, काटकसरीतून आला, म्हणून तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे होती. किल्लारीच्या परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा मध्यम. जीवितहानीचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण कोणताही घेतला तरी तो आठ हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर सुटे झाले, फुगले आणि कोसळले. वरची माती खाली आली. काही घरांत लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या, हेही पाहणीत दिसले. त्या वेळच्या भूकंप-नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. १९९२ च्या ऑक्टोबरपासून किल्लारीला धक्के जाणवले होते, पण त्यावरून गवंड्याने काय बदलायचे, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. भारतीय मानकात पहिले क्षेत्र पुढे २००२ साली रद्दच करण्यात आले आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले.

परंपरा म्हणजे शेकडो वर्षांचा तपासलेला अनुभव, असे आपण म्हणतो. ते पुष्कळदा बरोबर असते, पण त्यात एक अट दडलेली आहे. ज्या गोष्टीचा अनुभव वरचेवर येतो, तिच्याबाबतीतच परंपरा तपासली जाते. उन्हाळा दरवर्षी येतो, पाऊस दरवर्षी येतो. म्हणून माळवद ऊन आणि पाऊस यांच्याबाबतीत शहाणे आहे. मोठा भूकंप शेकडो वर्षांत एखाद्या वेळी येतो. त्याच्याबाबतीत ते काहीच शिकलेले नाही. काश्मीरमध्ये लाकडाच्या चौकटीत विटा बसवून बांधलेली ‘धज्जी-देवारी’ घरे आहेत, हिमाचलात दगड आणि लाकूड यांचे आळीपाळीने थर देणारी ‘काठ-कुणी’ बांधणी आहे. तिथे भूकंप माणसांच्या आठवणीत राहतात, आणि तिथल्या सुताराच्या हातात ती आठवण उतरली आहे. आपल्या सुतारापेक्षा तो जास्त हुशार होता असे नाही. त्याची परीक्षा वरचेवर झाली, एवढेच.

भूकंपानंतर या भागात जे घडले, त्याला मी एक मोठी लोकशाळा म्हणेन, जरी त्या नावाने ती कोणी चालवली नाही. जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने १९९४ पासून चार-पाच वर्षे पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवला. सर्वांत जास्त हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांची चर्चा भरपूर झाली आहे. कमी हानी झालेल्या गावांत, तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनी स्वतः करायची होती. शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग हा. त्यासाठी गवंड्यांना शिकवले गेले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या कामातून बाराशेहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच स्त्रिया नेमल्या गेल्या. मदतीचा हप्ता कसा मिळतो, सळई किती जाडीची हवी, काँक्रीट किती दिवस ओले ठेवायचे, हे त्या समजून घेत आणि घरोघर सांगत. घर बांधणे हा पुरुषांचा विषय मानणाऱ्या गावांत हे झाले. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या स्त्रिया तिथल्या स्त्रियांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

या शाळेचा अभ्यासक्रम काय होता? रुडकीचे प्रा. आनंद आर्य यांच्यासारख्या अभियंत्यांनी सुचवलेले उपाय पाहिले तर त्यांचे सौंदर्य लक्षात येते. जुनी भिंत पाडायची नाही. मीटरभर अंतरावर काही दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. म्हणजे जो आरपार दगड आजोबांच्या गवंड्याने वगळला होता, तो आता घालायचा. खिडकी-दाराच्या वरच्या पातळीला घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा. धान्याच्या कणगीला बांधतात तसा. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या ठोकायच्या. यातली प्रत्येक गोष्ट वर केलेल्या परीक्षणातल्या एकेका दोषाचे उत्तर आहे, आणि गारव्याचा गुण ती कुठेही घालवत नाही.

आणि तरीही ही शाळा मोठ्या प्रमाणावर नापास झाली, असेच म्हणावे लागते. मजबुतीसाठी मिळालेल्या पैशांतून बहुतेक कुटुंबांनी जुने घर मजबूत केले नाही. शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. लोकांना दोष देता येत नाही. ज्या दगडांखालून शेजारची माणसे काढली, त्या दगडांवर पुन्हा विश्वास ठेवा, असे त्यांना एका सळईच्या जोरावर सांगितले जात होते. दगडाची भीती ही या भागातली खरी गोष्ट आहे. पण माझी टीका शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. ‘काय करावे’ ते गवंड्याला दाखवले गेले, ‘का’ ते घरमालकाला पटेल असे फारसे दाखवले गेले नाही. आरपार दगड असलेली आणि नसलेली अशा दोन भिंती हलवून दाखवल्या असत्या, तर ज्याने ते डोळ्यांनी पाहिले त्याचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. परिणाम असा की लोकांनी माळवद सोडताना त्याचे दोष आणि गुण एकत्रच टाकून दिले. नव्या खोलीवर पत्रा आला. पत्र्याला उष्णतेची लाट अडवण्याची जाडी नाही. दुपारी तो तव्यासारखा तापतो. तो उडू नये म्हणून त्यावर मोठे धोंडे ठेवतात. हा धोंडा हलताना काय करील, हे विचारायला पुन्हा कोणी नाही.

आता हस्तोद्योग शिकवण्याच्या गाजलेल्या पद्धती या कसोटीला लावून पाहू. उत्तरेकडच्या देशांत याची परंपरा जुनी आहे. फिनलंडने १८६६ साली ‘स्लॉइड’, म्हणजे हस्तकाम, लोकशाळांत सक्तीचे केले. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमन यांनी त्याची शिक्षक-प्रशिक्षण शाळा काढली आणि तिथे अनेक देशांतले शिक्षक आले. वस्तू उपयोगाची हवी, मुलाने ती पूर्ण स्वतः करावी, सोप्याकडून अवघडाकडे जावे, असे त्यांचे नियम होते. शिकवणारा कारागीर नको, शिक्षक हवा, हा त्यांचा आग्रहही होता. तो मला निम्माच पटतो. शिक्षकाला प्रश्न विचारता येतात हे खरे, पण दगडावर हातोडी कुठे मारायची ते त्याला कळत नाही. दोघेही वर्गात हवेत. डेन्मार्कच्या ग्रुंटविग यांच्या विचारातून १८४४ पासून निघालेल्या लोकविद्यालयांत परीक्षा नव्हती, आणि हस्तकाम हे त्यांचे मूळ उद्दिष्टही नव्हते. बोलण्या-ऐकण्यातून जागे होणे हे होते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ग्रँड मरे या सरोवराकाठच्या गावी १९९७ साली सुरू झालेली ‘नॉर्थ हाउस’ ही लोकशाळा या दोन्ही धाग्यांची वारसदार म्हणता येईल. तिथे होड्या बांधणे, लाकडी चौकटीची घरे उभारणे, भूर्जाच्या सालीच्या टोपल्या विणणे असे उत्तरेकडचे जुने उद्योग प्रौढ माणसे हौसेने, फी भरून शिकतात. चांगलीच गोष्ट आहे. पण अशा ठिकाणी शिकणारा सुट्टी संपली की आपल्या घरी जातो; त्याने शिकलेल्या तुळईखाली त्याचे कुटुंब झोपेलच असे नाही. आपल्याकडे ती मोकळीक नाही. आपल्या विद्यार्थ्याचा बापच गवंडी असतो.

इथे वर्धा योजनेची आठवण होते. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे दिली होती, आणि सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून ३० मिनिटे. उद्योगातूनच विज्ञान शिकवायचे असल्यामुळे हे चालेल, अशी कल्पना. ती कल्पना थोर होती, आणि टकळीवरून गणित कसे निघते याचे समितीने केलेले तपशील आजही वाचण्यासारखे आहेत. पण उद्योगातून शाळेचा खर्चही निघावा, या अपेक्षेने तिचा घात केला. विकायचा माल करताना मूल चुकून चालत नाही. आणि चुकून पाहिल्याशिवाय ‘का’ कळत नाही. सूत तुटले तर नुकसान. प्रयोगात मात्र सूत मुद्दाम तोडून पाहायचे असते, किती वजनाला तुटते ते.

दुसरी एक गोष्ट त्या काळी फार मोकळेपणी बोलली गेली नाही. ज्या घरात पाथरवटाची छिन्नी पिढ्यांपासून आहे, त्या घरातले पालक मुलाला शाळेत घालतात ते छिन्नी सुटावी म्हणून. वडार वस्तीतल्या आईला ‘तुमच्या मुलाला आम्ही दगडकाम शिकवणार’ असे सांगितले, तर ती ते जुन्या बंधनाचे नवे नाव समजेल; तिचे चुकते असे म्हणवत नाही. या आक्षेपाला एकच उत्तर मला सुचते. काम सर्वांच्याच मुलांनी करायचे, आणि जो कारागीर वर्गात येईल तो नमुना म्हणून नव्हे, तर ज्याला प्रश्न विचारायचे असा जाणकार म्हणून यायचा, मानधन घेऊन यायचा. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाची पद्धत या दिशेची आहे: आठवड्यातला एक दिवस सगळ्या मुलामुलींना वेल्डिंगपासून बांधकामापर्यंतची कामे, आणि तीही गावाला खरोखर लागणारी. त्या पद्धतीत मला उणीव दिसते ती एवढीच, की नवे तंत्र शिकवण्यावर भर आहे. जुन्या तंत्राचे परीक्षण करण्यावर तेवढा नाही.

जुने तंत्र शिकवायचे ठरले की आपण बहुधा बिदरीकडे किंवा पैठणीकडे वळतो. बिदरीकाम उदगीरच्या जवळचेच. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. तिच्यातही विज्ञान आहे. जस्त आणि थोडे तांबे यांचा मिश्रधातू, त्यावर चांदीची तार, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात बुडवणे. भांडे काळे होते, चांदी चमकत राहते. जस्त शुद्ध असेल तर तो काळेपणा धरत नाही. त्यात मिसळलेल्या थोड्या तांब्याची ही करामत. रसायनाच्या तासाला हे अवश्य सांगावे. पण बिदरीची सुरई चुकली तर ती विकली जात नाही, एवढेच होते. शाळेने पहिला मान कोणत्या कारागिरीला द्यावा, याचा विचार यावरून करावा.

वर्गात करता येण्याजोगी दोन-तीन कामे सांगतो. एका ट्रेखाली चार गोट्या किंवा दोन गोल पेन्सिली ठेवल्या की हलणारी जमीन तयार होते. तिच्यावर वीतभर उंचीच्या दोन भिंती खडी आणि चिखलाने बांधाव्यात, दोन्हींना आत-बाहेर थर आणि मध्ये भराव. एकीत दर दोन थरांनंतर आरपार जाणारे चपटे खडे घालावेत. दोन दिवस वाळू द्याव्यात, मग ट्रे सारख्याच जोराने हलवावा. कोणती आधी फुगते हे मुलांनी आधी वहीत लिहून ठेवावे. दुसरे काम उन्हाळ्यातले: माळवदाची, पत्र्याची आणि स्लॅबची अशा तीन खोल्यांत सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत दर दोन तासांनी तापमान नोंदायचे आणि आलेख काढायचा. शिखर किती वाजता येते ते पाहावे, नुसते किती अंश ते नव्हे. तिसरे काम पाडलेल्या किंवा पडक्या माळवदाच्या कडेला करायचे. तिथे मातीचे थर रंगावरून ओळखू येतात. ते मोजावेत, जाडी मापावी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे की कोणता थर कोणी घातला. राहत्या घराच्या छपरावर किंवा भिंतीजवळ मुलांनी खणू नये, हे सांगायला नकोच.

हे सारे किल्लारीच्या इतिहासापुरते आहे असे कोणी समजू नये. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचा धक्का बसला, त्याच वर्षी १० जुलैला तेवढाच पुन्हा. नांदेड आणि परभणीतही माणसे घराबाहेर आली. हदगाव, अर्धापूर, कळमनुरी या पट्ट्यातल्या शाळांनी आपापल्या गावात दगड-मातीची किती घरे आहेत आणि त्यांतल्या किती माळवदांवर फूटभराहून जास्त माती आहे, एवढी नोंद जरी केली, तरी ती ग्रामपंचायतीला देता येईल. मोजायला एक लोखंडी गज आणि एक मोजपट्टी पुरते. गज कुठे घालायचा हे मात्र गावातल्या जुन्या गवंड्याला विचारून ठरवावे. छपरात पाणी कुठून मुरेल ते त्याला माहीत असते.